बोलणे आणि गाणे यांतला फरक कानाला कसा कळतो?

प्रश्न : ज्या भाषेतला एकही शब्द कळत नाही, त्या भाषेतली व्यक्ती बोलते आहे की गाते आहे हे मात्र ऐकताक्षणी ओळखता येते. आवाज एकाच गळ्यातून निघत असताना हा फरक नेमका कशात असतो? तो जगभर सारखाच असतो का?

उत्तर : या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर छडा लावणारा एक अभ्यास ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 75 संशोधकांनी मिळून 55 भाषांमधले नमुने गोळा केले आणि तेही स्वतःच्याच आवाजात. प्रत्येकाने आपल्या परंपरेतले एक गाणे गायले, त्याचेच शब्द सुराशिवाय म्हटले, त्या गाण्याविषयी साध्या बोलण्यात माहिती सांगितली आणि त्याची चाल वाद्यावर वाजवली. गळा तोच आणि भाषाही तीच असल्यामुळे आढळलेला फरक केवळ उच्चारणाच्या पद्धतीतून आला आहे, असे म्हणता येते, आणि या रचनेतच मला अभ्यासाचे खरे बळ दिसते.

तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. गाणे बोलण्यापेक्षा संथ असते, त्याची पट्टी उंच असते आणि त्यातला सूर अधिक स्थिर असतो. याउलट, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेली झेप आणि आवाजाच्या पोताचा तेजस्वीपणा यांत मोठा फरक आढळला नाही. सुराशिवाय म्हटलेले शब्द या दोहोंच्या मधोमध पडले. म्हणजे बोलणे आणि गाणे यांच्यात भिंत नसून चढण आहे.

तिन्हींपैकी सुराची स्थिरता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘आता येतो’ हे शब्द नेहमीच्या बोलण्यात म्हणून पाहावेत. त्यातला ‘आ’ उच्चारून होईपर्यंत त्याची उंची सरकलेली असते, कारण स्वरतंतूंचा ताण सतत बदलत असतो आणि आपण तो कुठेच धरून ठेवत नाही. आता तोच ‘आ’ एका उंचीवर दोन सेकंद लांबवावा. ताण कायम राखावा लागतो, श्वासाचा दाब सांभाळावा लागतो, आणि व्यंजने आपोआप दूर दूर जातात. सूर धरायचा म्हटले की वेळ द्यावाच लागतो, त्यामुळे संथपणा बऱ्याच अंशी स्थिरतेच्या पाठोपाठ येतो. पट्टी उंच होण्याचे एक कारण श्वासात असावे : स्वरतंतूंखालच्या हवेचा दाब वाढला की आवाज मोठा होतो आणि सहसा चढतोही.

पण सूर धरायचाच कशासाठी? अनेकांनी एकत्र गाण्यासाठी, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. सतत सरकणाऱ्या आवाजाला साथ देता येत नाही, कारण तो पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधता येत नाही. स्थिर सूर आणि ठरावीक लय असेल, तर चाल नव्याने ऐकणाराही त्यात आपला आवाज मिसळू शकतो. हे अद्याप गृहीतकच आहे, सिद्ध झालेले नाही.

ऐकणाऱ्या मेंदूचाही यात वाटा असतो. गायलेल्या वाक्यांमधले वेगाने होणारे बदल पुसट केले की शब्द कळेनासे होतात आणि चाल टिकते. सुराच्या उंचीतले बारकावे पुसट केले की चाल हरवते आणि शब्द टिकतात, असे 2020 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. शब्द ओळखण्यात मेंदूच्या डाव्या बाजूच्या श्रवणक्षेत्राचा भाग अधिक असतो, चाल ओळखण्यात उजव्या बाजूचा. शिवाय मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांच्या 1995 मध्ये लक्षात आले, की बोललेला एखादा छोटा तुकडा तसाच पुन्हा पुन्हा ऐकवला, तर काही वेळाने तो गायल्यासारखा वाटू लागतो. ध्वनीत तसूभरही बदल झालेला नसतो.

प्रश्न : ज्या भाषांत सुराच्या उंचीवरून शब्दाचा अर्थ बदलतो, तिथे गाणे कसे शक्य होते?

उत्तर : शक्य होते, पण तडजोडीने. चीनमधल्या मँडरिन भाषेत चार आणि कँटोनीजमध्ये सहा सूर मानले जातात. कँटोनीज गीतांत चालीचा चढउतार शब्दांच्या सुरांशी बराचसा जुळवला जातो, म्हणून दिलेल्या चालीवर शब्द बसवणे तिथे कष्टाचे काम असते. मँडरिनमधल्या आधुनिक गाण्यांत ही बंधने पुष्कळ सैल असतात आणि ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो.