रुंद टायर घेऊ का?

प्रश्न : माझ्या एसयूव्हीला २१५/६० आर १७ टायर आहेत. गगनबावड्याला सारखं जाणं असतं. २३५ चे बसवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, टायरच्या बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १७ इंची. २३५/६० घेतलात तर चाक २४ मिलिमीटरनं उंच होईल, स्पीडोमीटर खरा वेग दाखवणार नाही. २३५/५५ मध्ये उंची जवळपास तीच राहते. मात्र रिमची रुंदी चालते का, ते दुकानात तपासा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको. पण दादा, तुमचा रस्ता करूळ घाटाकडचा, मुसळधार पावसाचा. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. मी तरी २१५ च, खोल नक्षीचे नवे घालीन.