वाचकांचे प्रश्न : छोट्या आगगाड्या आणि त्यांचे मोठे भाव

छंदांविषयीच्या पत्रांमध्ये या वेळी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, आणि चारही विदर्भातल्या लहान गावांतून आली आहेत. रुळांवर धावणाऱ्या आगगाड्यांच्या प्रतिकृती जमवणारे लोक फक्त मुंबई-पुण्यातच असतात, हा समज त्यामुळे दूर व्हावा. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा भाचा नागपूरला असतो. त्याने एका जाहिरातीत जर्मन बनावटीचे वाफेचे इंजिन आणि तीन डबे असा वापरलेला संच पाहिला. विक्रेता अठ्ठेचाळीस हजार रुपये मागतो आहे आणि ‘अतिशय दुर्मिळ’ असे सांगतो आहे. खोक्यावरच्या चिठ्ठीत दिसणारी मूळ किंमत मात्र याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आहे. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग कशी? घ्यावी का?
– एक निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर तालुका

आपण ज्याला भाव म्हणता आहात तो अजून भाव झालेलाच नाही, ती केवळ विक्रेत्याची अपेक्षा आहे. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी उभी करून शेतकरी मनात काहीही आकडा धरू शकतो, पण पट्टीवर लागतो तो लिलावात सुटलेलाच भाव; या छंदातही हिशेब तोच आहे. म्हणून भाच्याला सांगावे की, चालू जाहिराती न पाहता विक्री पूर्ण झालेल्या वस्तूंची यादी पाहावी. लिलावाच्या बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर ती वेगळी काढता येते. त्याच इंजिनाच्या चार-पाच झालेल्या विक्रींची सरासरी आणि आपल्याला सांगितलेला आकडा यांत पुष्कळ अंतर सापडण्याची शक्यता आहे. आणखी एक गोष्ट अशी की, नवा विक्रेता किंमत ठरवताना दुसऱ्याची न विकली गेलेली जाहिरात पाहतो आणि तिच्यात थोडी भर घालतो. ज्या किमतीला कोणीच वस्तू घेतली नाही, ती किंमत अशा रीतीने पुढच्या दहा जणांसाठी प्रमाण ठरते. या छंदातल्या चढ्या भावांचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

तरीही सगळीच वाढ हवेतली नसते. या गाड्या बनवणारे कारखाने एकेक नमुना एका खेपेपुरता काढतात, खेप संपली की साचा बाजूला ठेवून दुसऱ्या नमुन्याकडे वळतात, आणि मधल्या काळात ज्याला तोच नमुना हवा असेल त्याला जुन्या मालाकडे जावे लागते. आपल्याकडे यात सीमाशुल्काची भर पडली. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि शुल्काच्या यादीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. वर्षाला पाच-दहा इंजिने विकणाऱ्या दुकानदाराला हे सगळे परवडत नाही. नवा माल अडला की देशात आधीच असलेला जुना माल चढतो, यात नवल नाही.

‘दुर्मिळ’ या शब्दाला मात्र आपण फसू नये. अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९५७ साली मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती मुलींनाही आवडली नाही आणि मुलांनाही नाही, दुकानांत पडून राहिली, आणि नेमक्या याच कारणाने आज संग्राहक तिच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. साधी इंजिने गुलाबी रंगवून तीच म्हणून खपवण्याचे प्रकारही झाले, आणि पुढे त्याच गाडीच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. तेव्हा एखादी वस्तू थोडी आहे एवढे पुरत नाही, ती हवी असणारे लोकही पुरेसे असावे लागतात. शिवाय कारखान्याने उद्या तोच नमुना सुधारून पुन्हा काढला, तर आजचा दुर्मिळपणा एका हंगामात ओसरतो.

आता आपल्या संचाविषयी. जर्मन बनावट म्हणजे मेर्कलिन असेल, तर एक महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत बहुधा लिहिलेली नसते. १८५९ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या एचओ प्रमाणातल्या, म्हणजे १:८७ च्या गाड्या, परंपरेने मधल्या तिसऱ्या संपर्कावर आणि प्रत्यावर्ती (एसी) विजेवर चालतात. पूर्वी हा संपर्क सलग मधला रूळ असे, पुढे तो स्लीपरांमधल्या बारीक ठिपक्यांत लपला. इतर बहुतेक कंपन्यांच्या एचओ गाड्या दोन रुळांवर आणि १२ व्होल्ट एकदिश (डीसी) विजेवर चालतात. रुळांमधले अंतर दोन्हींत १६.५ मिलिमीटरच असल्याने नवख्याला फरक कळत नाही, आणि इंजिन घरी आणल्यावर रूळ व वीजपुरवठा पुन्हा वेगळा घ्यावा लागतो. म्हणून गाडी कोणत्या पद्धतीची आहे, ती चालतानाचे ताजे चित्रीकरण मिळेल का, आणि चाकांवरचे रबरी पट्टे बदलले आहेत का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर विषय तिथेच सोडावा. सांगितलेल्या किमतीला हा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मामंजींच्या ट्रंकेत चावीचे एक पत्र्याचे इंजिन, दोन वाघिणी आणि थोडे रूळ सापडले. खाली ‘मेकानो लिमिटेड, लिव्हरपूल’ असे छापलेले आहे. नागपूरहून येणारा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तीन हजार देतो म्हणतो, आणि इंटरनेटवर अशाच गाडीचे सत्तर हजार लिहिलेले दिसतात. मुले म्हणतात, चिंच लावून घासून चकचकीत करू. काय करावे?
– एक गृहिणी, दारव्हा तालुका

सर्वांत आधी मुलांना चिंचेपासून दूर ठेवावे. पत्र्याच्या गाडीची किंमत तिच्या मूळ रंगात आणि छापलेल्या अक्षरांत असते. घासलेली किंवा नव्याने रंगवलेली गाडी संग्राहकाच्या दृष्टीने निम्म्याहूनही कमी मोलाची ठरते. मऊ कोरड्या फडक्याने किंवा बारीक कुंचल्याने धूळ झटकावी, याहून जास्त काही करू नये.

ही गाडी हॉर्नबीची असण्याची शक्यता मोठी आहे. मेकानो या जोडणीच्या खेळण्याचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने चावीच्या गाड्या १९२० साली बाजारात आणल्या. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर पट्टीने मोजावे. ते ३२ मिलिमीटर भरले तर ती ‘ओ’ मापाची गाडी आहे, १६.५ भरले तर ती नंतरच्या, १९३८ पासून निघालेल्या हॉर्नबी डब्लो मालिकेतली असू शकते. चावी असल्यास ती अर्धा फेराच द्यावी आणि चाके हातात धरून हळूहळू सोडावी, कारण जुनी स्प्रिंग तुटली तर तिचा तुकडा उसळून लागतो.

इंजिनाचे काही भाग ओतीव धातूचे असतील, तर ते भिंगाखाली नीट पाहावेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसे वगैरेची भेसळ राहून गेलेली असे, आणि अशा धातूला आतून कीड लागल्यासारखे होते: आधी जाळीदार बारीक भेगा पडतात, मग भाग फुगतो, चाके अडकतात, आणि शेवटी धातू बोटांत चुरतो. यावर उपाय नाही, उष्ण आणि दमट जागेत तो प्रकार लवकर वाढतो. अशा भेगा दिसल्यास विकताना त्या लपवू नयेत. जाणकार ग्राहक पहिल्यांदा तेच पाहतो.

आता तीन हजार की सत्तर हजार. साध्या चावीच्या गाड्या मुलांच्या खेळण्यासाठी मोठ्या संख्येने निघाल्या होत्या, त्यामुळे त्या तशा कमी नाहीत. ज्या पिढीला बालपणीची आठवण म्हणून त्या हव्या होत्या, तिचे संग्रह आता वारसांकडून एकदमच लिलावात येत आहेत, आणि सर्वसाधारण नमुन्यांचे भाव त्यामुळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. सत्तर हजार बहुधा अखंड खोका, चावी आणि कमी निघालेली रंगसंगती असलेल्या गाडीचे असतील, किंवा कोणाचेच नसतील. व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम मात्र त्याचा नफा धरून कमीच सांगितलेली असणार. त्याला नाही म्हणावे, घाई करू नये. गाडीचे वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत, छापलेला मजकूर वाचता येईल असा एक फोटो वेगळा घ्यावा, आणि झालेल्या विक्रीशी ताडून पाहावे. मामंजींना विचारून ती घरातच ठेवण्याचा पर्यायही आहेच, आणि तीन हजारांपेक्षा तो बरा.

प्रश्न : एन प्रमाणाचे, म्हणजे एचओहून लहान मापाचे, वापरलेले इंजिन स्वस्तात घेतले. महिनाभर चालले, आता अडखळते. वेचणीचा कापूस त्याच खोलीत असतो. दुसरे घ्यावे का?
– एक वाचक, वरोरा तालुका

दुसरे घेऊ नये. इंजिन उलटे करून चाकांच्या आसांकडे पाहावे: कापसाचे तंतू आसाभोवती सुतासारखे गुंडाळले गेलेले दिसतील. ते चिमट्याने आणि सुईने ओढून काढावेत, दात्यांवर सुईच्या टोकावर मावेल एवढेच हलके तेल सोडावे, आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सॅंडपेपर लावू नये, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. मांडणी टिनाच्या छताखाली असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत रूळ वाढून उचलले जातात, म्हणून जोडांमध्ये थोडी फट ठेवावी.

जाता जाता सांगतो, ‘बंद, दुरुस्तीसाठी’ अशा नावाने निघणारी इंजिने हाच कमी पैशांत संग्रह करण्याचा मार्ग आहे. त्यांपैकी पुष्कळांत घट्ट झालेले जुने ग्रीस एवढाच दोष असतो.

प्रश्न : आमच्या गावापर्यंत पूर्वी पुलगावहून छोटी रेल्वे येत असे. तिची किंवा यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या शकुंतलेची प्रतिकृती मिळते का? हाताने बनवलेल्या एका इंजिनाचे एकाने पस्तीस हजार सांगितले. हीसुद्धा लूटच ना?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, आर्वी

लूट म्हणण्याआधी त्या माणसाचे तास मोजावेत. कारखान्यातला साचा हजारो इंजिनांचा खर्च वाटून घेतो, इथे एका इंजिनाचा सगळा खर्च एकाच इंजिनावर पडतो. ती किंमत आपल्याला न परवडणारी असेल, पण जाहिरातीतल्या ‘दुर्मिळ’ गाडीच्या किमतीसारखी ती फुगवलेली नाही.

सुदैवाने आपल्या नॅरोगेजचे गणित छंदाला फारच सोयीचे आहे. पुलगाव–आर्वी काय किंवा यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर काय, रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन प्रमाणाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एनच्या जुन्या, स्वस्त इंजिनाचा सांगाडा आणि मोटर घ्यावी, आणि वरचे अंग एचओ प्रमाणात स्वतः करावे: पुठ्ठ्याचे, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे, किंवा शहरात कोणी छापून देत असेल तर त्रिमितीय छपाईचे. (ब्रॉडगेजचे मात्र तसे जमत नाही. १६७६ ला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरच्या वर जाते, आणि भारतीय एक्स्प्रेस १६.५ च्या रुळांवर किंचित अरुंद पायांनी उभी राहते.) एन रुळांचे स्लीपर या प्रमाणात फार जवळजवळ दिसतात, पण गवतात बुडालेल्या मार्गाची प्रतिकृती करायची असेल तर ते झाकायला निमित्त आयतेच मिळते.

शकुंतलेचे १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, त्यानंतर डिझेल आले. कोणता काळ दाखवायचा हे आधी ठरवावे, कारण डिझेलचा चौकोनी खोका पहिल्या प्रयत्नाला सोपा जातो. नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात, जे २००२ पासून आहे, मोजपट्टी आणि वही घेऊन जावे. पुण्याला जाणे झाले, तर कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एचओ प्रमाणातले आहे, तिथे १:८७ म्हणजे नजरेला किती हे एकदाच पक्के कळते. सगळा मार्ग करण्याच्या फंदात पडू नये: यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर या प्रमाणातही तेराशे मीटर होतात. एक स्थानक, एक बाभूळ आणि बाजूचे एक वावर पुरे.

जमिनीसाठी वावरातलीच काळी माती वाळवून, चाळून वापरावी, रंग विकत घेऊन तसा जमत नाही. मात्र ती पसरण्याआधी तिच्यातून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक दोन-तीनदा फिरवावा. आपली माती बेसाल्टपासून झालेली असल्याने तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात, आणि ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात.