प्याद्याचा वजीर होतो, तसा सोंगटीचा?

नौपाड्यात मुलांसाठी खेळघर चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: चेकर्सच्या, म्हणजेच ड्राफ्ट्सच्या (चौकटींच्या पटावर समोरच्याच्या सोंगट्यांवरून उडी मारून त्या मारायच्या, तो खेळ), जगभरातल्या व्हेरिएंट्सचा मराठी तक्ता करतेय. व्हेरिएंटला 'प्रकार' म्हटलं तर चालेल का? आणि समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलेल्या सोंगटीला, इंग्रजीतल्या 'किंग'ला, काय म्हणू?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मला तुमच्याच खेळघरात मिळालं. गेल्या रविवारी दोन मुलं बुद्धिबळाच्या पटावर कॅरमच्या सोंगट्या मांडून बसली होती. कॅरमच्या संचात काळ्या ९ आणि पांढऱ्या ९. चेकर्सला लागतात १२-१२. कमी पडल्या तिथे बाटल्यांची झाकणं लावली होती. एका मुलीची सोंगटी शेवटच्या ओळीला टेकली. तिने तिच्यावर दुसरी सोंगटी चढवली आणि ओरडली, "झाला वजीर!" बुद्धिबळात प्याद्याचा वजीर होतो, हे तिच्या कानात बसलेलं. तेच इथे आपसूक आलं.

माझंही मत वजीरच. मराठीत पटावरचा राजा जपायचा असतो. त्याला शह बसतो आणि मात झाली की डाव संपतो. ड्राफ्ट्समधला किंग मात्र इतर सोंगट्यांसारखा मारला जातो आणि डाव पुढे चालू राहतो. अशाला राजा म्हणणं कानाला खटकतं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमध्ये ही सोंगटी बाई आहे, 'दाम' किंवा 'दामा', आणि खेळाचं नावही त्याच शब्दावरून पडलंय. त्या धर्तीवर राणी म्हणता आलं असतं, पण तुमच्या डब्यात कॅरमची लाल राणी आधीच आहे. मुलांचा गोंधळ होईल.

वजिराची चाल मात्र सगळीकडे एक नाही. इंग्लिश खेळात तो एकच घर तिरपा सरकतो, रशियन खेळात मोकळ्या कर्णावर हवा तितका लांब जातो, तुर्की खेळात हत्तीसारखा सरळ धावतो. म्हणून तक्त्यात 'वजिराची चाल' असा वेगळा रकाना हवाच.

आता 'प्रकार'. शब्द चुकीचा नाही, पण सगळ्यांना तोच लावला तर फरकाचा अंदाज येत नाही. इंग्लिश आणि रशियन खेळांत पट तोच ६४ घरांचा, सोंगट्या त्याच १२-१२. पण रशियनमध्ये साधी सोंगटीही मागे मारू शकते, आणि मारता मारता शेवटच्या ओळीत पोचली तर त्याच चालीत वजीर होऊन पुढे मारत सुटते. इंग्लिशमध्ये तिथेच चाल संपते. याला मी, पाठभेदासारखं, 'नियमभेद' म्हणेन. आंतरराष्ट्रीय खेळ १०० घरांचा, सोंगट्या २०-२०. कॅनडाचा १४४ घरांचा, ३०-३०. ब्राझीलमध्ये आंतरराष्ट्रीय नियमच ६४ घरांवर आणलेत. तिथे 'पटभेद' शोभेल. 'प्रकार' हा शब्द तुर्की खेळासारख्यांसाठी राखून ठेवा: सोंगट्या १६-१६, तिरपी चालच नाही, सगळं सरळ आणि आडवं.

मथळ्यात 'ड्राफ्ट्स'पेक्षा 'चेकर्स' बरं. ड्राफ्ट म्हटलं की आपल्याकडे बँकेचा डिमांड ड्राफ्ट नाहीतर पत्राचा मसुदा आठवतो. शिवाय 'चेकर्स' आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या आणि आपल्या 'शह'च्या मुळाशी फारसी 'शाह'च आहे. एकाने फ्रेंचमार्गे लांबचा रस्ता धरला, इतकंच.

एक विनंती. यादीत 'चायनीज चेकर्स' लिहिलंय, ते काढा. तो खेळ चीनचाही नाही आणि चेकर्सही नाही. १८९२ साली जर्मनीत 'हाल्मा' या खेळावरून तो चांदणीच्या आकाराच्या पटावर बेतला गेला. त्यात सोंगटीवरून उडी आहे, पण सोंगटी मारणं नाही.