लेकीला पगार किती देता?

पत्र:

ताई, सादर नमस्कार.

मी 67 वर्षांचा, इंदूरला सुदामानगरात राहतो. इथल्या एका दैनिकाच्या जाहिरात खात्यात 34 वर्षं नोकरी केली. 2022 च्या पावसाळ्यात पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलं. पुढची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. रुग्णाच्या घरी राहून करायच्या सेवेचं शिक्षण देणारी एक सेवाभावी संस्था आमच्याकडे आहे. तिथे शिकलेली बडवानीकडची एक मुलगी आम्हाला मिळाली. हिने पत्नीचं इतकं केलं की काय सांगू! रात्री तिच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपायची. दोन दिवाळ्या आणि दोन भगोरिया (होळीआधीचा आदिवासींचा उत्सव) घरी गेली नाही. शेवटपर्यंत पत्नीच्या पाठीला एक जखम झाली नाही.

पत्नी गेल्यावर मी त्या संस्थेत रोज जाऊ लागलो. त्यांना जाहिरातीतलं काही कळत नाही, मला तेवढंच कळतं. पैसा घेत नाही. स्वतःच्या खर्चाने 2000 पत्रकं छापून नेली. वर ओळ होती, 'सेविका नव्हे, तुमची लेकच!' खाली पत्नीचा व्हीलचेअरमधला फोटो, शेजारी ती मुलगी, मागे इथला लालबाग राजवाडा. संचालिकाबाईंनी ओळ वाचली आणि गठ्ठा कपाटात ठेवून दिला. वर म्हणाल्या, 'काका, रोज नका येऊ, आठवड्यातून दोन दिवस पुरे.' पुण्याच्या मुलाला फोटो पाठवला तर तो म्हणाला, 'आईला जाहिरातीत बसवू नका.' सूनबाई तेव्हापासून फोनवर येत नाहीत.

फुकट राबणाऱ्या माणसाची ही किंमत? जावं की सोडून द्यावं?

– एक दुखावलेला स्वयंसेवक

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र रविवारी सकाळी वाचलं. पोह्यांची बशी तशीच राहिली. राग येईल ते आधीच सांगून टाकते: गठ्ठा कपाटात गेला ते बरं झालं. जाणं मात्र सोडू नका.

आता त्या ओळीबद्दल. ओळ चांगली आहे, कानाला गोड आहे, आणि म्हणूनच ती महागात पडेल. लेकीला आपण महिन्याच्या एक तारखेला पगार देतो का? लेक रात्री आठ वाजता 'माझी वेळ संपली' म्हणून पर्स उचलते का? 'तुमची लेकच' वाचून जो माणूस फोन करेल तो लेकच मागेल. म्हणजे चोवीस तास घरात राहणारी, सुट्टी न मागणारी, आजोबांचं झालं की घरच्या चार माणसांच्या पोळ्या लाटणारी, आणि पैशांचा विषय कधी न काढणारी. बाईंना हे फोन रोज येत असणार. तुम्ही त्या फोनांची संख्या वाढवायला निघाला होतात.

तुमच्याच पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. दोन दिवाळ्या आणि दोन भगोरिया. तुम्ही ते कौतुकाने लिहिलंय, आणि तुमच्या मनात कौतुकच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण इंदुरात जन्म काढलेल्या माणसाला मी भगोरिया काय ते सांगायला नको. होळीच्या आधीचा आठवडा, गावोगावचे हाट, ढोल-मांदल, एका रंगाच्या लुगड्यांतले मुलींचे जथे. कामासाठी गुजरातपर्यंत पांगलेली माणसं त्यासाठी परत येतात. वयात आलेल्या मुलीने तो दोनदा चुकवला, तुमच्या पलंगाशेजारच्या चटईवर. तिला कुणी जा म्हटलं होतं का? बदली बाई संस्थेकडे मागितली होती का? मी दोष देत नाही. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आमच्याकडेही एक बाई होत्या, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी हवी असते हे माझ्या लक्षात चौथ्या महिन्यात आलं. 'घरच्यासारखी' हा शब्द आम्हीही वापरत होतो. त्या शब्दाने माझी फार सोय केली.

दुसरी गोष्ट तुमच्या धंद्याची आहे, म्हणून तुम्हाला लवकर पटेल. पत्नीच्या पाठीला जखम झाली नाही असं तुम्ही लिहिता. का नाही झाली? प्रेमामुळे? प्रेम तुमच्याकडेही होतं, मुला-सुनेकडेही होतं. ती मुलगी दर दोन तासांनी कूस बदलत होती. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी ठेवत होती. भरवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, कारण पक्षाघातानंतर घास श्वासनलिकेत उतरू शकतो. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली. पलंगावरून खुर्चीत घेताना आपली कंबर न मोडता, रोग्याचा लुळा हात न ओढता कसं उचलायचं. हे कुणाच्याही पोटात जन्मतः नसतं. संस्थेत काही महिने शिकवलं जातं, परीक्षा होते, मग मुलगी घरात पाठवली जाते. संस्था विकते ते हेच, आणि तुमच्या पत्रकात तेवढंच नव्हतं. 34 वर्षांत तुम्ही कुठल्या व्यापाऱ्याला त्याच्या मालातला मुख्य गुण झाकणारी जाहिरात लावू दिली असती?

फोटोचं थोडं हळू लिहिते.

मुलगा बरोबर आहे. त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, कारण तो दोन वर्षं पुण्यात होता आणि तुम्ही इथे होतात. हे तुम्ही लिहिलं नाहीत, तरी ओळींमधून ऐकू आलं. पण तो बरोबर आहे. फोटो काढला तेव्हा वहिनींची वाचा गेलेली होती, त्या हो म्हणू शकत नव्हत्या आणि नाहीही. त्याआधीच्या त्या कशा होत्या ते तुम्हीच जाणता. दुधवाल्यासमोरही केस विंचरल्याशिवाय न जाणाऱ्या बायका आपल्या पिढीत घरोघरी होत्या. व्हीलचेअरमधला फोटो दोन हजार घरांत गेलेला त्यांना आवडला असता का, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पत्र लिहिण्याआधीच माहीत होतं असं मला वाटतं. तो फोटो घरात लावा. लालबाग मागे आहे, छान असेल.

फोटोत आणखी एक व्यक्ती आहे, तिला तर कुणी विचारलेलंच दिसत नाही. उद्या तिचं लग्न ठरेल, ठरलंही असेल. परक्याच्या घरी रात्रंदिवस राहून म्हाताऱ्यांचं सगळं करते, हे तिच्या गावात तिने काय म्हणून सांगितलंय ते आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही विचाराल तर ती हो म्हणेल, कारण तुम्ही तिचे मालक होतात. म्हणून फोटोची परवानगी कधीही तुम्ही स्वतः मागू नका. बाईंनी मागावी, ती एकटी असताना, आणि नाही म्हटल्यास विषय तिथेच संपावा.

'दोन दिवस पुरे' हे तुम्हाला हाकलल्यासारखं वाटलं. मी अशा एक-दोन वर्गांत बसून आले आहे. तीन खोल्या असतात. एका पलंगावर मुली एकमेकींवर सराव करतात: रोग्याला न उठवता खालची चादर कशी बदलायची, अंगावर कपडा राखून अंग कसं पुसायचं, बेडपॅन कसं द्यायचं. शेजारच्या टेबलाशी रोज एक काका बसलेले असतील, कितीही सज्जन असोत, तर त्या मुलींचे हात आखडतात. बाईंना हे तुम्हाला तोंडावर सांगता आलं नसेल, म्हणून त्यांनी दिवसांचा हिशोब पुढे केला. आणि भाऊ, सकाळी अकरा ते पाच तिथे बसायची तुम्हाला ओढ का लागते, तेही जरा बघा. वहिनी असताना घरात औषधांच्या वेळा होत्या, चार वाजता बागेत न्यायचं होतं. आता घड्याळ आहे, काम नाही. उरलेल्या पाच दिवसांतला एखादा मुलाकडे फोन करण्यात जाऊ द्या, आणि सुरुवात सूनबाईंपासून करा. 'फोटो काढून टाकला' एवढंच सांगा.

आता दोन दिवसांत काय करायचं ते. इथे मला तुमच्यासारखा माणूस हवासा वाटतो.

घरपोच पत्रकं वाटू नका. निरोगी घरात हे पत्रक रद्दीत जातं. रुग्णसेविकेची गरज माणसाला एका विशिष्ट संध्याकाळी कळते: डॉक्टर म्हणतात 'उद्या डिस्चार्ज', आणि मुलगा कॉरिडॉरमध्ये उभा राहून बायकोला विचारतो, 'आता घरी कोण बघणार?' त्या संध्याकाळी तो तीन ठिकाणी जातो. बिलाच्या खिडकीपाशी, मोठ्या माणसांचे डायपर मिळतात त्या मेडिकलमध्ये, आणि हॉस्पिटलसारखा पलंग भाड्याने देणाऱ्याकडे. चौथा माणूस घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. या चौघांशी ओळख करायला पोर चालत नाही, तिथे तीस वर्षं दुकानदारांपुढे बसलेला माणूसच लागतो. त्यांच्याकडे ठेवायचा कागदही स्तुतीचा नको. 'घरी आल्यावरचे पहिले सात दिवस' असा एक कागद करा, संस्थेच्या शिक्षिकेकडून लिहून घ्या. कूस, भरवणं, पिशवी, न्हाणीघरात घसरू नये म्हणून काय, डॉक्टरांना ताबडतोब कधी फोन करायचा. तो कागद लोक फ्रिजवर लावतात. खाली संस्थेचा नंबर. आणि आधी हिंदीत करा, मराठीत नंतर. रामबाग, लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर या मराठी वस्त्या म्हणजे इंदूर नाही, हे आपण मराठी लोक अधूनमधून विसरतो.

त्या कागदावर 'नर्स' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. शहरभर भिंतींवर 'प्रशिक्षित नर्स 24 तास' लिहिलेलं दिसतं. नर्स म्हणजे तीन वर्षांची जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा चार वर्षांची बीएससी नर्सिंग करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झालेली व्यक्ती. तुमच्या संस्थेतल्या मुली इंजेक्शन देत नाहीत, सलाईन लावत नाहीत, आणि देऊ नये हेच त्यांना शिकवलेलं असतं. काम काय करेल, काय करणार नाही, किती तास, कुठल्या दिवशी सुट्टी, हे पहिल्याच पानावर ठळक छापा. फोन निम्मे होतील. जे येतील ते टिकतील, आणि बाईंचा दुपारचा अर्धा वेळ नाही म्हणण्यात जाणार नाही.

खरी अडचण मात्र मला दुसऱ्या टोकाला दिसते, आणि पत्रात तिचा उल्लेखच नाही. गिऱ्हाईक मिळेल हो, शिकायला मुली कुठून आणणार? 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांनी तिथे परिचर्येचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा भल्या घरच्या लोकांना ते हलकं काम वाटत होतं. शंभर वर्षांनी झाबुआ-बडवानीतला बाप किंवा इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातली सासू तेच म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात भीतीही असते: परक्या घरात पोरगी एकटी. या भीतीला घोषवाक्य पुरत नाही. महिन्यातला एक रविवार संस्थेने घरच्यांसाठी उघडा ठेवावा. आई-बापांनी, सासूने यावं, खोल्या बघाव्यात, पोरगी कुणाच्या घरी जाणार हे कोण तपासतं ते विचारावं. त्यांना सांगता येईल की लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा खासगी घरालाही कामाची जागा मानतो आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. शिकून कामाला लागलेल्या चार जणींनी आपापल्या बोलीत, माळवीत, निमाडीत, भिलीत, दोन मिनिटं फोनवर बोलून ते रेकॉर्ड करून द्यावं. नाव न सांगता, चेहरा न दाखवता. चटईवरच्या रात्रीही त्यात आल्या तर येऊ द्या. सगळं गोडच ऐकवलं तर बाप ओळखतो.

बसभाडं आणि राहण्याची सोय यांवाचून यातलं काही होणार नाही, त्याला पैसा लागेल. कारखान्यांचं पिथमपूर तासाभरावर आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि रोजगाराचं कौशल्य शिकवणं त्या यादीत आहे. संस्थेची प्राप्तिकर खात्याकडची 12ए आणि 80जी, तसंच कंपन्यांचा हा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी झालीय का, हे बाईंना आधी विचारा. झाली असेल तर महिन्यातून एक दिवस कोट चढवून पिथमपूरला जा. जाहिरातीचं पान विकण्यापेक्षा हे अवघड नाही.

राहिले ते दोन हजार कागद. मागची बाजू कोरी असेल तर त्यावर कूस बदलण्याचा तक्ता छापता येईल असं आधी मनात आलं, पण पुढे वहिनींचा फोटो आहे. नको. गठ्ठा घरी आणा.

ती मुलगी आता कुणाच्या घरी कामाला आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बाईंकडून कळेल. तिला भेटलात तर पत्रकाचा विषय काढू नका. येत्या भगोरियाला सुट्टी मिळतेय का तेवढं विचारा, आणि मिळत नसेल तर बदली कोण जाईल ते बाईंशी बोलून ठरवा. बडवानी जवळपास दीडशे किलोमीटर आहे, होळीच्या आठवड्यात बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

नवीन कागदाचा मसुदा झाला की मला पाठवा. मी लाल पेनाने वाचते, घाबरू नका.