पन्हळ साफ करूनही पाणी मधूनच का ओसंडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पीव्हीसीची पन्हळ दर वर्षी पावसाआधी साफ होते, तरी जोराची सर आली की पाणी मधूनच ओसंडतं आणि खालची भिंत भिजते. साफसफाईत काय चुकतं, आणि वर जाळी बसवली तर ही कटकट संपेल का?

जाळीचं शेवटी सांगतो, आधी चूक. बहुतेक घरांत पन्हळ साफ होते, पाइप होत नाही. वरची पानं हाताने काढली जातात, उरलेला गाळ नळीच्या पाण्याने लोटला जातो आणि तो जाऊन बसतो खाली उतरणाऱ्या पाइपच्या पहिल्या वळणात. छपराची कड भिंतीच्या पुढे असते, त्यामुळे पाइपला भिंतीशी आणायला तोंडाखाली लगेच दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, द्यावे लागतात. तिथे देठ आडवे अडकतात आणि त्यांच्यावर मातीचा लगदा जमतो. रिमझिम पावसात उरलेल्या फटीतूनही पाणी उतरतं, म्हणून काही कळत नाही. पण ५० चौरस मीटर छपरावर ताशी ५० मिमी वेगाने पाऊस कोसळला, तर मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी पन्हळीत येतं. अर्धवट बुजलेल्या पाइपला ते झेपत नाही. पन्हळ तुडुंब भरते आणि जिथे काठ सर्वांत खाली असेल तिथून सांडते. म्हणजे पाणी जिथे सांडतं तिथेच दोष असेल असं नाही. तुमच्याकडे मला दोन दोष दिसतात : पाइप चोंदलेला आहे आणि मध्ये पन्हळ झुकलेली आहे.

वर चढण्याआधी शिडीचं बघा. शिडी पन्हळीला टेकवू नका. पीव्हीसी दबते, पत्र्याला पोचे येतात, आणि गुळगुळीत काठावरून शिडी बाजूला सरकते. शिडीच्या वरच्या टोकाला लावायची आडवी चौकट मिळते. ती लावली की शिडी भिंतीवर टेकते आणि पन्हळ हाताच्या अंतरावर राहते. टेकण्याची जागा ४ मीटर उंच असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून १ मीटर लांब हवेत. खाली एक माणूस शिडी धरून असू दे. कंबर शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. हात पोचत नसेल तर उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. यात वेळ जातो, जाऊ दे. जवळून विजेची तार जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी नकोच. आणि दुमजली घराची पन्हळ साध्या शिडीवरून स्वतः साफ करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते काम पट्टा आणि दोर वापरणाऱ्या माणसाला द्या.

कचरा नुसता ओलसर असताना काढा. पार सुकलेला असला की धूळ उडते, आणि तिच्यात पक्ष्यांची विष्ठा असते. चिंब असला तर बोटांमधून गळतो. सुकाच काढायची वेळ आली तर आधी पाणी शिंपडा. रबरी हातमोजे आणि मास्क दोन्ही वापरा. लोखंडी खुरपी नको : पत्र्याच्या पन्हळीवरचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्लास्टिकचा रिकामा कॅन तिरका कापला तर पन्हळीच्या गोलाईत बसणारं छान खोरं तयार होतं. बादली आकड्याने शिडीला अडकवा, म्हणजे एक हात शिडीसाठी मोकळा राहतो.

पहिलं काम म्हणजे पाइपच्या तोंडात चिंधीचा बोळा घालणं. त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर बोळाच पाइपमध्ये जाईल. मग तोंडापासून सुरुवात करून लांब लांब सरका. वर अख्खी, ओळखू येणारी पानं असतात; त्याखाली देठ आणि पानांच्या शिरा उरलेल्या; आणि अगदी तळाला काळी, लोण्यासारखी मऊ माती. रोपं उगवतात ती या मातीत. वर्षभर हात लागला नसेल तर कडेला खोरं घालून उचलताच मुळांची चटई सबंध निघून येते. एखादं मूळ सांध्याच्या फटीत शिरलं असेल तर ओढू नका, सांध्याचं रबर त्याच्याबरोबर बाहेर येईल. ते कापा आणि सांधा उघडून साफ करा. माती काढून झाली की आतल्या बाजू ब्रशने घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला, भिंतीलगत अंडी चिकटवतो आणि ती सुक्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

छपराचं पाणी टाकीत साठवत असाल, तर हे सगळं सुरू करण्याआधी टाकीकडचा जोड सोडवून ठेवा.

आता पाइप. बोळा काढा आणि नळीचं पाणी थेट तोंडात सोडा. वर जेवढं जातं तेवढंच खाली धबाधबा येत असेल तर पाइप मोकळा आहे. पाणी वर चढायला लागलं तर पाइपवर बोटांनी ठोकत खाली या. मोकळा भाग पोकळ वाजतो, चोंदलेला भाग बद्द. आत गाळाचा बोळा बसला असेल तर वरून काठी घालून ठोसू नका, तो आणखी घट्ट बसतो. खालचं टोक मोकळं असेल तर नळी तिथून वर सरकवा आणि खालून पाणी मारा, किंवा प्लंबरची स्प्रिंग फिरवत घाला. पीव्हीसीचे एल्बो चिकटवलेले नसतील तर सरळ उतरवून बादलीत धुवा. सगळ्यांत कमी कष्टाचं तेच. प्रेशर वॉशर मात्र इथे वापरू नका, त्याच्या माऱ्याने सांध्यांचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, उखडतं.

बरेच लोक इथे थांबतात, आणि तुमच्या घरी राहून गेलेला भाग इथून पुढचा आहे. पन्हळ रिकामी झाली की पाइपपासून सर्वांत लांबच्या टोकाला नळी धरा आणि पाच मिनिटं पाणी सोडा. मग नळी बंद करून १५ मिनिटांनी पुन्हा वर बघा. पाण्याची पातळ ओल राहिली तर चालेल. बोट बुडेल इतकं डबकं राहिलं असेल, तर तिथे ढाळ बिघडला आहे. पन्हळीला दर ३ मीटरला ६ ते १० मिमी ढाळ हवा. खालून डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून अंदाजाने काही ठरवू नका. दोन टोकांना दोरा ताणून बांधा किंवा गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून मोजा.

ढाळ बिघडतो तो वजनाने. १२५ मिमी रुंदीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर एका मीटरमध्ये सुमारे ६ लिटर पाणी मावतं. ८ मीटर पन्हळ म्हणजे ४८ किलो, आणि गाळ साचलेला असेल तर आणखी जास्त. पाइप चोंदतो, पन्हळ भरते, वजनाने मधला ब्रॅकेट (पन्हळ धरून ठेवणारा आधार) खाली येतो, तिथे डबकं होतं, डबक्यात माती बसते आणि पुढच्या वर्षी तिथूनच सांडतं. पीव्हीसीला ब्रॅकेटमधलं अंतर १ मीटरपेक्षा जास्त नको. मी ८० सेंमी ठेवायला सांगेन. शिवाय प्रत्येक सांध्याच्या आणि पाइपच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक हवा. खाली आलेला ब्रॅकेट त्याच भोकात लांब स्क्रू घालून घट्ट करायचा मोह होतो. पण ब्रॅकेट ज्या फळीला लावलाय तिचं लाकूड कुजलेलं असेल तर तो स्क्रू धरत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीत दाबून बघा. सहज शिरलं तर आधी फळीचा तो तुकडा बदला.

सांधा गळत असेल तर पीव्हीसीत आधी रबर तपासा. त्यावर वाळूचा एखादा कण असला तरी थेंब पडत राहतो. क्लिप उघडा, रबर पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा, परत बसवा. सांधे सॉल्व्हंटने चिकटवून टाकू नका. ४ मीटरची पीव्हीसी ३० अंशांच्या फरकाने ७-८ मिमी लांब-आखूड होते आणि ती हालचाल सांध्यातच सामावते; तिथे जागा मिळाली नाही तर पन्हळ वाकते किंवा तडकते.

तुम्हाला नाही, पण वाचणाऱ्या इतरांना उपयोगी म्हणून सांगतो : पत्र्याच्या पन्हळीत सीलंट आतल्या बाजूने, पूर्ण सुकल्यावर लावायचं. खालून लावलेलं सीलंट आतल्या पाण्याच्या रेट्याने निघून येतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर चालत नाही, त्यातलं आम्ल जस्त खातं. डब्यावर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. जुनी पन्हळ अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर तिला खरवडू, घासू किंवा भोक पाडू नका. तिचे तंतू फुप्फुसात जातात.

एक गोष्ट पावसात छत्री घेऊन खालून बघा : पाणी पुढच्या काठावरून सांडतंय की मागून, भिंतीच्या बाजूने? मागून येत असेल तर पन्हळ कितीही साफ असली तरी फरक पडणार नाही. पत्र्याची किंवा कौलांची कड पन्हळीत साधारण ५० मिमी पुढे यायला हवी. ती आखूड असली की पाणी खालच्या अंगाने मागे वळतं आणि फळीवरून भिंतीवर उतरतं. कडेखाली वाकवलेली पत्र्याची पट्टी सरकवून ते थांबतं.

आता जाळी. जवळ मोठी झाडं असतील तर जाळीने काम कमी होतं, संपत नाही. पानं वर अडकतात, पण कौलांची भुकटी, शेवाळ, मोहोर आणि बारीक बिया जाळीतून आत जातात आणि तळाला तोच काळा थर बसतो. शिवाय जाळीवर ओल्या पानांचा थर बसला की पाणी आत न जाता वरून उडी मारून पलीकडे पडतं. बसवायचीच तर हाताने उचलता येईल अशी घ्या; स्क्रूने जखडलेली जाळी पुढे कोणी उघडत नाही. तुमच्या घरासाठी मी पूर्ण जाळीऐवजी फक्त पाइपच्या तोंडात बसणारा तारेचा गोळा सुचवेन. त्याच्याभोवती पानं जमतील, आणि ती दर १५ दिवसांनी काढावी लागतील, पण पाइप मोकळा राहील. गोळा घेताना पाइपचा आतला व्यास मोजून घ्या. सैल असला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो पाइपमध्ये उतरतो आणि पहिल्या एल्बोत जाऊन अडकतो.