‘अवमानक’ मावा, ‘मिथ्याछाप’ मसाला आणि आपली ‘भेसळ’

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत खाद्य विभागाच्या कारवाईची बातमी येते, तेव्हा एक नमुना ‘अवमानक’, दुसरा ‘मिथ्याछाप’ आणि तिसरा ‘असुरक्षित’ निघाल्याचे छापलेले असते. मंडळाच्या मराठी पत्रिकेत या तिन्हींसाठी ‘भेसळयुक्त’ असे लिहिले तर चालेल का? माझ्या मते चालणार नाही, कारण भेसळ म्हटले की कोणीतरी जाणूनबुजून काहीतरी मिसळले, असा आरोप आपोआप होतो आणि या तीन शब्दांपैकी एकातही तो गृहीत धरलेला नाही.

कायद्यातही भेसळीचा अर्थ एकच राहिलेला नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात धान्य, तेलतूप, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगाचे दुसरे द्रव्य घालणाऱ्याला 12 पण (त्या काळची नाणी) दंड सांगितला आहे आणि त्या कृत्याला ‘समवर्णोपधान’ असा फार नेमका शब्द वापरला आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 272 वे कलम मात्र मिसळल्यामुळे पदार्थ अपायकारक झाला तरच लागू होत असे. त्यामुळे दुधात स्वच्छ पाणी घालणे ही उघड फसवणूक असली, तरी ती त्या कलमात बसवणे अवघड होते. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने ही उणीव भरून काढताना व्याख्या इतकी रुंद केली की, दुधातली साय काढून ते निर्भेळ म्हणून विकणे, पदार्थ घाणेरड्या जागी तयार करणे, त्यात किडे होणे, हे सगळे भेसळीतच मोडू लागले. म्हणजे काहीही न घालता, उलट काढून घेऊनसुद्धा, भेसळ होऊ लागली!

याच कायद्याखालच्या 1955 च्या नियमांत एक उलटे उदाहरणही आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचे तेल मिसळणे कारखानदारांवर बंधनकारक होते. साजूक तुपात कोणी वनस्पती घातले, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवताच तिळाच्या तेलामुळे आम्लाचा थर तांबडा होई आणि चोरी उघडी पडे. हे मिसळणे कायद्याच्याच हुकमाने होत असल्याने त्याला भेसळ म्हणता येणार नाही.

पुढे 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, 5 ऑगस्ट 2011 पासून त्याने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि ते एकच मोठे गाठोडे सोडले गेले. ठरलेल्या मानकाला न उतरणारा, पण आरोग्याला धोका नसलेला पदार्थ ‘अवमानक’; त्याला 5 लाख रुपयांपर्यंत दंड होतो. लेबलावर खोटे किंवा दिशाभूल करणारे लिहिलेला ‘मिथ्याछाप’. त्याला 3 लाखांपर्यंत. ही प्रकरणे बहुधा एडीएम म्हणजे अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोरच मिटतात. आरोग्याला घातक असलेल्या ‘असुरक्षित’ पदार्थासाठी मात्र फौजदारी खटला आणि कैद आहे. दंडाला पात्र असलेल्या दुकानदाराला आपण छापील मराठीत भेसळखोर ठरवले, तर तो त्याच्यावर अन्याय होईल.

मराठीत लिहिताना ‘अवमानक’ टाळावा, कारण आपल्या कानाला त्यात अपमान ऐकू येतो. ‘कमी दर्जाचा’ हे सरळ आणि पुरेसे आहे. ‘मिथ्याछाप’ चालेल, पण ‘खोट्या लेबलाचा’ हे घरातल्या सगळ्यांना कळेल. ‘असुरक्षित’ तसाच ठेवावा. बोलताना आपण इंदूरकर सर्रास ‘मिलावट’ म्हणतो आणि त्यात काही गैर नाही. 2020 मध्ये राज्य सरकारने ‘मिलावट से मुक्ति’ अभियान काढल्यापासून तो शब्द अधिकच तोंडी बसला आहे. लेखी मराठीत मात्र ‘भेसळ’ लिहावे, आणि तेही मिसळल्याचे तपासणीत सिद्ध झाले असेल तेव्हाच, उदाहरणार्थ मावा (खवा) आयोडीनच्या थेंबाने निळा पडून त्यात पिष्ट सापडले असेल तर. ज्यात दूधच नाही असा मावा भेसळीचा नव्हे, ‘बनावट’ म्हणावा. औषधांच्या कायद्यानेही 1982 च्या दुरुस्तीत भेसळीचे औषध आणि बनावट औषध यांच्या व्याख्या वेगवेगळ्या कलमांत दिल्या आहेत.