विचारा की! : रेंज गेल्यावर काय?

मागच्या अंकात डोंगरात मोबाईल चालत नाही यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि बहुतेकांचा सवाल एकच, ते सॅटेलाईटवालं मेसेज पाठवायचं यंत्र कुठलं घेऊ. त्यातली काही पत्रं घेतलीत.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं मित्र बुलेटवरनं स्पितीला निघालोय, मनालीवरनं कुंझुम ओलांडून काझा. घरच्यांनी डोकं खाल्लंय. मुलगा सिॲटलला असतो, तो जुलैत येतोय आणि येताना गार्मिनचं इनरीच मिनी २ आणतो म्हणतोय. ते बरं का स्पॉट बरं? (आष्टा, जि. सांगली)

उत्तर : गुरुजी, आधी पोराला फोन लावा आणि सांगा ते यंत्र बॅगेत टाकू नकोस. यंत्र वाईट आहे म्हणून नाही हो, यंत्र झकास आहे, वजन जेमतेम १०० ग्रॅम, इरिडियमचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटरवरनं पृथ्वीभोवती फिरत असतात त्यांच्याशी ते बोलतं, मेसेज जातो तसा येतोही, आणि एसओएस दाबला तर पलीकडं माणूस बसलेला असतो. पण आपल्याकडं परवानगी नसताना असलं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा धरतात. चालू केलं नव्हतं, पोरानं गिफ्ट दिलंय, मला माहितच नव्हतं, यातलं काही ऐकून घेत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीला ब्रिटनच्या एका ट्रेकर बाईंना याच इनरीचवरनं अडवलं, आणि दोघींनी लपवलं बिपवलं काही नव्हतं, सरळ सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये ठेवलेलं. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा, इंग्रजांच्या काळातले, त्यांची कलमं असल्या केसमध्ये लावत आलेत. आता २०२३ चा नवा टेलिकॉम कायदा झालाय पण परवान्याशिवाय नाही ही गोष्ट तशीच.

कडक एवढं का, तर २६/११ च्या हल्ल्यात अतिरेकी सॅटेलाईट फोन वापरत होते, तेव्हापासनं थुराया आणि इरिडियम या सॅटेलाईट फोनच्या कंपन्यांची नावं काढली की यंत्रणा सावध होते. असल्या यंत्राचा सिग्नल इथल्या टॉवरवरनं जातच नाही, थेट वर आणि तिथनं परदेशात, म्हणजे कोण कुणाशी काय बोललं हे इथं कुणाला कळायची सोय नाही. त्यात तुम्ही निघालाय स्पितीला, पलीकडं तिबेट, वाटेत पोलीस आणि आयटीबीपी, म्हणजे तिबेट सीमेवरचे जवान. आणि स्पॉटचं विचारलंत म्हणून, तो ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालतो, कंपनी बदलली म्हणून कायदा बदलत नाही.

कायदेशीर रस्ता एकच आहे, बीएसएनएलचा इन्मारसॅटवाला सॅटेलाईट फोन, २०१७ पासनं ती सेवा आहे. पण तो परवान्याचं काम, कागदपत्रं, खर्च, आणि बहुतेक वापर आपत्ती निवारण, पोलीस, जहाजं असल्या ठिकाणी. आठपंधरा दिवसांच्या हौसेसाठी त्यामागं लागू नका आणि कुणाच्या नावावरचा सेट उसना तर बिलकुल घेऊ नका. शिवाय इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी असल्यासारखे दिसतात, म्हणजे आपल्याला दक्षिणेकडचं आकाश मोकळं लागतं, आणि तुमच्या दक्षिणेला नेमका कडा उभा असला तर लाखाचा फोन हातात धरून बसायचं.

मग करायचं काय, तर सांगतो, आणि माझ्या मते हेच खरं काम आहे, यंत्र दुय्यम. ग्रांफू सोडलं की लोसरपर्यंत फोन मेला असं धरूनच चाला, बातल आणि चंद्रताल त्यातच आलं. घरी कागदावर लिहून द्या, कुठल्या तारखेला मनाली सोडणार, मुक्काम कुठं, काझाला कधी पोचणार, चौघांच्या गाड्यांचे नंबर, आणि मेन म्हणजे काळजी कधी सुरू करायची. ‘मंगळवारी संध्याकाळी पोचून फोन करतो’ असं म्हणून जाऊ नका, तिथं एक नाला फुगला की दिवस जातो, आणि इकडं आष्ट्यात मंगळवारी रात्री आठपासनं रडारड. ‘मंगळवारी फोन येईल, नाही आला तर काळजी नाही, बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत नाही आला तर काझाच्या हॉटेलला विचारा, तिथं नाही पोचलो म्हणले तर लाहौल-स्पिती पोलिसांना फोन’, असं नंबरासकट. कागद वहिनींकडं एक आणि सिॲटलला एक. चौघं आहात तर दोघादोघांच्या जोड्या करा, कुणाला काही झालं तर एक जण जवळ थांबेल आणि एक जोडी रेंज किंवा चेकपोस्ट गाठेल, चौघंही जखमीभोवती कोंडाळं करून बसायचं नाही. सिम दोन ठेवा, एक बीएसएनएलचं. आणि तिथनं लेहला उतरायचा विचार असेल तर इकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे जाताना कळलं तर उपयोग नाही.

प्रश्न : मग माझं जीपीएसचं घड्याळ पण बेकायदेशीर का? आणि मोबाईलमधलं जीपीएस? (सातारा)

उत्तर : नाही हो. जीपीएस फक्त ऐकतं, वरचा सिग्नल पकडून आपण कुठं आहोत ते काढतं, वर काही पाठवत नाही. म्हणूनच ते रेंज नसताना चालतं, फोन फ्लाईट मोडवर टाकला तरी चालतं. ऑर्गॅनिक मॅप्स नाहीतर ऑसमँडमध्ये भागाचा नकाशा घरनं उतरवून घ्या आणि डोंगरात फ्लाईट मोड लावा, कारण रेंज नसलेला फोन टॉवर शोधून शोधूनच बॅटरी संपवतो. घड्याळ किंवा हँडसेट घेताना नुसत्या नावावर जाऊ नका, आत इनरीच किंवा सॅटेलाईट मेसेजची सोय नाही ना ते माहितीपत्रकात बघा, एकाच कंपनीत दोन्ही प्रकार मिळतात.

प्रश्न : मुलगी डेन्व्हरला नोकरीला आहे, शनिवार-रविवार एकटी डोंगरात जाते. ट्रॅकर घेते म्हणते. कुठला घ्यायला सांगू, आणि आम्हाला विट्यात बसून ती कुठाय ते दिसेल का? (विटा)

उत्तर : दिसेल काकू, आणि तुम्ही बघण्यात बेकायदेशीर काही नाही, यंत्र तिकडं, तुम्ही नेटवर एक पान उघडून नकाशा बघणार. तिनं मुभा दिली की तिच्या वाटेवर टिंबं उमटत जातात.

निवड सोपी आहे. तिच्याकडं आयफोन १४ किंवा त्याच्या पुढचा असेल तर अमेरिकेत त्यातच सॅटेलाईट एसओएस आहे, नोव्हेंबर २०२२ पासनं, नवीन सॉफ्टवेअर असेल तर साधे मेसेजही जातात. पण ती एकटी जाते, पडली आणि फोन फुटला किंवा थंडीनं बॅटरी गेली तर सगळंच एका खिशात, म्हणून मी तरी वेगळं यंत्र घ्या म्हणेन. त्यात दोन्हीकडनं मेसेज जाणारं घ्या, इनरीच मिनी किंवा झोलिओ, दोन्ही इरिडियमवर. झोलिओला मेसेज टाईप करायला फोन लागतोच, इनरीचवर फोनशिवायही काम निघतं, फक्त बटणं दाबून दाबून टाईप करायचा वैताग. स्पॉट जेन ४ एकतर्फी आहे, मदत मागितली पण कुणी ऐकली का ते कळत नाही, पाय मोडून पडलेल्या माणसाला ते उत्तरच जास्त मोलाचं असतं. पीएलबी म्हणून एक प्रकार असतो, ४०६ मेगाहर्ट्झवर नुसती हाक देतो, महिन्याची फी नाही, तिकडं नोआ या सरकारी संस्थेकडं फुकट नोंदवायचा, दणकट वस्तू पण ‘उशीर होतोय, जेवून घ्या’ एवढं सुद्धा त्यावरनं कळवता येत नाही. इनरीच, झोलिओ, स्पॉट यांना मात्र सबस्क्रिप्शन लागतं, ते बंद असेल तर यंत्र म्हणजे पेपरवेट.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. टिंब पुढं सरकलं नाही म्हणजे पोरगी पडली असं नाही. घळईत, गर्द झाडीत उपग्रह दिसत नाही, टिंबं अडकतात, मग एकदम चार येतात. आणि तिच्या इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये तुमचं नाव एकटं नको, तिथली रूममेट, ऑफिसातलं कुणीतरी पाहिजे, कारण एसओएस गेला की मदतकेंद्रातली मंडळी पहिल्यांदा त्या नंबरला फोन करून विचारणार, कुठल्या वाटेनं गेली, गाडी कुठली, जॅकेट कुठल्या रंगाचं. ते विट्यात बसून तुम्ही काय सांगणार, त्यात तिथं दुपार तर इथं मध्यरात्र.

दिवाळीला येताना यंत्र तिकडंच ठेवून ये म्हणावं. कारण वर गुरुजींना सांगितलंच.

प्रश्न : आमचा ग्रुप वासोटा, मधुमकरंदगड असं करत असतो, कधी तीस-पस्तीस जण असतात, पुढचे आणि मागचे यांची चुकामूक होते. ऑनलाईन दोन हजारात वॉकीटॉकी मिळतात, घेऊ का? एक जण मेश्टॅस्टिक घ्या म्हणतोय. (कराड)

उत्तर : दादा, तीस-पस्तीस जण नेताय हाच पहिला प्रश्न आहे, पण असो.

ऑनलाईन मिळतंय म्हणजे चालतंय असं नाही. ती पाच वॅटवाली स्वस्तातली यंत्रं, बाओफेंग वगैरे, परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं तरी तुमच्या एकट्याचं, ग्रुपमध्ये बोलणाऱ्या प्रत्येकाला परीक्षा देऊन आपलं आपलं काढावं लागतं. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठमोठ्या शॉपिंग साईटना याच वॉकीटॉकींवरनं नोटिसा काढल्या, फ्रिक्वेन्सी कुठली, परवाना लागतो का, काहीच न सांगता विकत होते. परवाना नको असलेला पट्टा आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या नियमात मोकळा केलाय, ताकद अर्ध्या वॅटपर्यंत. अर्धा वॅट म्हणजे नजरेच्या टप्प्यात बरं, डोंगराचा सोंडा आडवा आला की संपलं. पण पुढचा-मागचा ताळमेळ ठेवायला पुरतं. घेताना ईटीए, म्हणजे यंत्राला सरकारी मान्यता असल्याचं सर्टिफिकेट मागा, दुकानदार तोंडाकडं बघायला लागला तर दुसरं दुकान.

मेश्टॅस्टिकचं म्हणाल तर मला स्वतःला ते लय आवडतं. लोरा नावाचं रेडिओ तंत्र, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय चालतं, काडेपेटीच्या दुप्पट-तिप्पट डबी, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायची आणि छोटे मेसेज टाईप करायचे. आवाज नाही, फोटो नाही. टी-बीमसारख्या डबीत जीपीएस असतं, म्हणजे मागचा गडी नकाशावर दिसतो. गंमत अशी की एकाची डबी दुसऱ्याचा मेसेज पुढं ढकलते, म्हणून माथ्यावर पोचलेल्याची डबी चालू असली तर खालच्या दोन्ही बाजूच्यांचं बोलणं जुळतं, आणि मागं एक, मध्ये एक, पुढं एक एवढ्यात काम भागतं. सेटिंगमध्ये रीजन भारताचा ठेवा, बाहेरनं मागवलेल्या डबीचा रेडिओ दुसऱ्याच बँडचा असू शकतो, ते घेतानाच बघा. पण लक्षात ठेवा, यानं घरी मेसेज जाणार नाही, हे ग्रुपच्या आतलं.

आणि वासोट्याला तर कोयना अभयारण्य, वन खात्याची परवानगी, बामणोलीवरनं बोट, मुक्कामाला बंदी. झाडावर डबी बांधून ठेवू वगैरे डोक्यात आणू नका. उलट तिथं एक सोय आयतीच आहे, बोटवाल्याला माहीत असतं किती जण उतरवलेत आणि संध्याकाळी किती परत न्यायचेत. त्याचा आणि बामणोलीत थांबलेल्या एकाचा नंबर घरच्यांना देऊन ठेवा.

प्रश्न : स्टारलिंकला परवाना मिळाला ना? मग आता सगळं मोकळं? (सांगली)

उत्तर : जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, पण त्यांची सेवा छपरावर थाळी लावून इंटरनेट द्यायची. त्यावरनं इनरीच मोकळं होत नाही. आयफोनमधलं सॅटेलाईट एसओएसही ॲपलनं भारतात सुरू केलेलं नाही, इथं तो फोन ठेवायला काही अडचण नाही, फक्त ते बटण इथं कामाचं नाही.

प्रश्न : आम्ही चांदोलीच्या कडेला राहतो. रेंजची एखादी काडी असते, ती पण दुसऱ्या कंपनीची. अडचणीला ११२ लागेल का? (शिराळा)

उत्तर : लावून बघायचंच. फोनवर ‘इमर्जन्सी कॉल ओन्ली’ दिसत असेल तर तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्याच्या टॉवरवरनं ११२ जाऊ शकतो. काडी अर्धीच असली तर कॉलपेक्षा एसएमएस जायची शक्यता जास्त, तो आधी घरच्या एकाला पाठवा, जागा आणि काय झालंय एवढंच लिहा. ट्रेकमधला अपघात असेल तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाईन आहे, तो नंबर घरी असतानाच सेव्ह करा, जंगलात नेट नसताना शोधणार कुठं. आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी पाहिजे, मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. ही खूण डोंगरात मदतीची हाक म्हणून ओळखतात, आणि तिला परवाना लागत नाही.